परदेशस्थ मुलांच्या शाळा आणि परभाषेविषयीची वृत्ती

परभाषा शिकण्यातील यशापयशाचे मूळ विद्यार्थ्याच्या वृत्तीत शोधण्याची परंपरा आता जुनी झाली आहे. गार्डनर आणि लँबर्ट यांनी माँट्रियलमधील 75 इंग्रजीभाषी विद्यार्थ्यांच्या फ्रेंच-अध्ययनाची पाहणी 1959 मध्ये प्रसिद्ध केली. भाषिक क्षमतेइतकेच त्या भाषेच्या समाजाशी जवळीक साधण्याच्या इच्छेलाही महत्त्व आहे, असा तिचा निष्कर्ष होता. ही प्रेरणा समरसतेची. नोकरी, प्रतिष्ठा इत्यादींसाठी भाषा शिकण्याची प्रेरणा उपयुक्ततेची. पुढे 1972 च्या ग्रंथात फिलिपीन्समधील इंग्रजीच्या संदर्भात उपयुक्ततेची प्रेरणाही प्रभावी ठरते, हे त्यांनी मान्य केले. तथापि, वृत्ती हे कारण आणि भाषाप्रभुत्व हे कार्य, ही मूळ मांडणी कायम राहिली. परदेशस्थ मुलांच्या शाळांना ही उपपत्ती लावू गेल्यास तिच्या मर्यादा स्पष्ट होतात.

या उपपत्तीत दोन भाषिक समाज समोरासमोर उभे आहेत, असे गृहीत धरलेले असते. परदेशस्थ मुलाची स्थिती तशी नसते. ते परदेशी आलेले असते ते पालकांच्या नोकरीमुळे, स्वेच्छेने नव्हे. आणि काही वर्षांनी त्याला तेथून निघावयाचे असते. घरची भाषा, शाळेची माध्यमभाषा आणि भोवतालच्या समाजाची भाषा या त्याच्यापुढे पुष्कळदा तीन निरनिराळ्या भाषा असतात. राष्ट्रसंघाच्या व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या सेवकांच्या मुलांसाठी 1924 मध्ये स्थापन झालेल्या जिनिव्हाच्या शाळेत फ्रेंच ही अध्यापनाची भाषाही होती आणि गावाचीही. असा संयोग सर्वत्र आढळत नाही. म्हणून ‘परभाषेविषयीची वृत्ती’ असे म्हणताना कोणती परभाषा, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

लक्झेंबर्ग येथे 1953 मध्ये सुरू झालेल्या युरोपीय शाळेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तिच्या धर्तीवर पुढे अन्यत्रही शाळा निघाल्या. या शाळांत मूल आरंभी मातृभाषेतून शिकते. दुसरी भाषा प्राथमिक वर्गांपासून विषय म्हणून येते. माध्यमिक टप्प्यावर इतिहास-भूगोलासारखे विषय त्या दुसऱ्या भाषेतून शिकविले जातात, आणि तेव्हा निरनिराळ्या मातृभाषांची मुले एका वर्गात बसतात. बेटेन्स बियर्ड्समोर आणि स्वेन यांनी 1985 मध्ये ब्रुसेल्सच्या युरोपीय शाळेतील फ्रेंच शिकणाऱ्या मुलांची तुलना टोरंटोच्या निमज्जन-पद्धतीच्या वर्गांशी केली. टोरंटोच्या मुलांना फ्रेंचचे सुमारे 4500 तास मिळाले होते, ब्रुसेल्सच्या मुलांना सुमारे 1300. तरीही आकलनाच्या कसोट्यांत दोन्ही गटांचे यश जवळजवळ सारखे होते. ब्रुसेल्समध्ये वर्गाबाहेरही फ्रेंचवाचून चालत नव्हते. मैदानावर इटालियन आणि डॅनिश मुलांना जोडणारी भाषा तीच होती.

या तुलनेतून अर्थात फार काढता येणार नाही. ब्रुसेल्सची मुले बहुतांशी सुशिक्षित अधिकारीवर्गातील होती, आणि अनेक भाषा बोलणे तेथे प्रतिष्ठेचे होते. परंतु तासांच्या एवढ्या मोठ्या तफावतीचा उलगडा केवळ व्यक्तिगत वृत्तीने होत नाही, एवढे निश्चित म्हणता येते. शिवाय या शाळांचेही एक वैगुण्य नोंदविले पाहिजे. दीर्घकाळ तेथे दुसरी भाषा म्हणून इंग्रजी, फ्रेंच व जर्मन या तीनच भाषांची निवड करता येत असे. इटलीतील व्हारेसे येथे 1960 मध्ये निघालेल्या शाळेत भोवतालची इटालियन भाषा त्या स्थानाला पात्र नव्हती. कोणती भाषा अगत्याची आणि कोणती ऐच्छिक, हे मुलाच्या मनाने ठरविण्यापूर्वीच वेळापत्रकाने ठरविले होते.

याची दुसरी बाजू संयुक्त अरब अमिरातींत दिसते. तेथील खाजगी शाळांत अरबेतर मुलांनाही नववीपर्यंत अरबी सक्तीची आहे, आणि या शाळांत भारतीय मुलांची संख्या मोठी आहे. तेथे अरबीविषयी अनास्था दिसली, तर तिला अरब समाजाविषयीचा दुरावा म्हणणे सोपे आहे. पण फर्ग्युसनने 1959 मध्ये ‘डायग्लोसिया’ या संज्ञेने वर्णिलेली अवस्था येथे विचारात घेतली पाहिजे. पाठ्यपुस्तकातील प्रमाण अरबी ही कोणाच्याही घरची बोली नाही. आखाती बोली शाळेत शिकविली जात नाही. आणि बाजारात मुलाशी कोणी बोललेच तर बहुधा इंग्रजी, हिंदी-उर्दू किंवा मल्याळम बोलते. शिकलेले वाक्य वापरण्यास जागाच नसेल, तर मुलाची अनास्था हा त्याच्या अनुभवाचा यथार्थ निष्कर्ष ठरतो. अनास्थेमुळे भाषा आली नाही, असे म्हणण्यापेक्षा भाषेला व्यवहार मिळाला नाही म्हणून अनास्था आली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

हा विचार मराठीच्या अभ्यासकांना परका वाटू नये. महाराष्ट्राच्या 2020 च्या अधिनियमाने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी क्रमाक्रमाने सक्तीची करण्याचे ठरविले. मुंबई-पुण्याच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळाही या कक्षेत येतात, आणि अल्पकाळासाठी आलेली परदेशी मुलेही अशा शाळांत असतात. अशा मुलांच्या मराठीविषयीच्या वृत्तीची प्रश्नावली तयार करण्यापूर्वी शाळेतील कोणते काम मराठीवाचून अडते, हे पाहणे इष्ट ठरेल. ज्या भाषेवाचून काहीच अडत नाही तिच्याविषयी मुलाने प्रेम बाळगावे, ही अपेक्षा भाषाशास्त्राला धरून नाही. आणि ती पूर्ण झाली नाही म्हणून मुलाला दोष देणे न्याय्यही नाही.