ॲपलने झेरॉक्सची झेरॉक्स काढली का?

मागच्या वर्षी एका सेमिनारमध्ये मी प्रस्तावनेच्या स्लाइडवर बिनधास्त लिहिलं होतं, "खिडक्या, माऊस आणि आयकॉन या कल्पना ॲपलने झेरॉक्सकडून चोरल्या." आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे फोटोकॉपीचं दुकान, त्यामुळे लोक हसलेसुद्धा. मग मागच्या रांगेतून एका मॅडमनी विचारलं, "याचा स्रोत?" स्रोत होता, पण सांगायची लाज वाटली. तो एक सिनेमा होता.

'पायरेट्स ऑफ सिलिकॉन व्हॅली' हा १९९९ चा, टीव्हीसाठी बनवलेला सिनेमा. नोआ वायलीने स्टीव्ह जॉब्स असा उभा केलाय की त्याचं कौतुकही वाटतं आणि भीतीही. जॉब्सला देव करून न टाकणं ही या सिनेमाची मोठी जमेची बाजू. कथा मात्र 'चोरावर मोर' अशा थाटाची आहे : जॉब्स झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतून उचलतो आणि बिल गेट्स जॉब्सकडून. बघायला मजा येते. पण मॅकिंटॉशच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा इतिहास म्हणून हीच कथा धरली, तर ती तीन ठिकाणी लंगडी पडते.

पहिलं, 'चोरी' हा शब्द

१९७९ च्या अखेरीस जॉब्स आणि त्याची माणसं कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात गेली, ती कुंपणावरून उडी मारून नाही. त्या बदल्यात ॲपल शेअर बाजारात येण्याआधीच सुमारे १० लाख डॉलर्सचे शेअर घ्यायची संधी झेरॉक्सला मिळाली होती. तिथल्या संशोधक ॲडेल गोल्डबर्ग यांनी हे सगळं दाखवायला कडाडून विरोध केला होता, पण वरून आदेश आला. म्हणजे हा व्यवहार होता. झेरॉक्सच्या बाजूने तो शहाणपणाचा होता का, हा प्रश्न वेगळा.

दुसरं, सुरुवात

सिनेमा बघून वाटतं, जॉब्सला त्या दिवशी साक्षात्कार झाला. प्रत्यक्षात ॲपलचा लिसा प्रकल्प त्याआधीच सुरू होता. मॅकिंटॉशची सुरुवात करणाऱ्या जेफ रास्किनला झेरॉक्सचं काम आधीपासून ठाऊक होतं. आणि झेरॉक्सची पाटी तरी कुठे कोरी होती? डग्लस एंगलबार्टने माऊस वापरून सॅन फ्रान्सिस्कोत जाहीर प्रात्यक्षिक दिलं ते ९ डिसेंबर १९६८ ला. झेरॉक्सचा आल्टो हा संगणक आला १९७३ मध्ये.

तिसरं, मधलं काम

माझ्या मते सिनेमाची खरी चूक इथे आहे. पाहिलं आणि बनवलं, या दोन क्रियापदांच्या मध्ये चार वर्षं गेली. ती पडद्यावर जवळजवळ नाहीतच, कारण कोणी कोड लिहीत बसलेलं बघायला मजा येत नाही.

बिल अ‍ॅटकिन्सनचंच उदाहरण घ्या. एकावर एक ठेवलेल्या खिडक्यांमधली खालची खिडकी झेरॉक्सच्या यंत्रावर आपोआप नीट रंगवली जाते, असा त्याचा समज झाला होता. तसं तिथे होत नव्हतं. पण 'त्यांना जमलंय म्हणजे हे जमतं' या समजुतीवर त्याने झाकलेल्या भागांचा हिशेब ठेवायची पद्धत शोधून काढली. चुकीच्या निरीक्षणातून खरा शोध लागला!

झेरॉक्सच्या स्मॉलटॉकमध्ये तीन बटणांचा माऊस होता आणि मेनू कर्सरपाशी उघडायचा. लिसा आणि मॅकवर माऊसला एकच बटण आलं, मेनूची पट्टी कायमची वर गेली. झेरॉक्सनेही हातावर हात ठेवले नव्हते. आयकॉन आणि फोल्डर असलेला 'स्टार' त्यांनी १९८१ मध्ये विकायला काढला, पण एकाची किंमत सुमारे १६,००० डॉलर्स. १९८३ च्या लिसाची ९,९९५, आणि २४ जानेवारी १९८४ ला आलेल्या मॅकची २,४९५. या शेवटच्या उडीसाठी लिसाची १ मेगाबाइट मेमरी सोडून १२८ किलोबाइटमध्ये सगळं कोंबावं लागलं, आणि एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवण्यावर भागवावं लागलं. या काटकसरीचा इतिहास मला तरी चोरीच्या इतिहासापेक्षा जास्त शिकवून गेला.

पण उलट टोकही नको

हे वाचून "म्हणजे ॲपलनेच सगळं केलं" असं लिहाल, तर तीच चूक होईल. ॲपलवरचं ऋण खरं आहे. झेरॉक्समध्ये काम केलेले लॅरी टेसलर आणि ब्रूस हॉर्न पुढे ॲपलमध्ये आले. कल्पना माणसांबरोबर चालत आल्या. शिवाय अ‍ॅटकिन्सनचा किस्सा आपल्याला त्याच्याच आठवणीतून कळतो. मॅकमध्ये नवं काय होतं हे हॉर्नने सविस्तर लिहिलंय, पण तो मॅकचा फाइंडर लिहिणाऱ्यांपैकी एक. दोन्ही घरांत राहिलेला साक्षीदार मोलाचा असतो, पण तोही साक्षीदारच, न्यायाधीश नाही.

लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना "अमुक यांनी सर्वप्रथम" हे वाक्य आपल्या हातून सहज जातं. ते लिहिण्याआधी मी आता तीन प्रश्न वेगळे करते : कल्पना कोणी मांडली, चालवून कोणी दाखवली, आणि इतरांना वापरता येईल अशी कोणी केली? बहुतेक वेळा तीन वेगळी नावं येतात. तुमचा स्वतःचा प्रबंधही यातल्या एखाद्याच प्रश्नाचं उत्तर असणार आहे. मधलं काम मोजायचंच नाही असं ठरवलं, तर आपल्यापैकी बहुतेकांचं संशोधन शून्य ठरेल.

सिनेमा जरूर बघा. माझी स्लाइड मी बदलली आहे. आता तिच्यावर एका वाक्याऐवजी चार ओळी आहेत आणि कोणी हसत नाही. मात्र मॅडमनी पुन्हा विचारलं, तर उत्तर तयार आहे.