अवकाशाला हवा अवकाश

मराठीत ‘अवकाश’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, ग्रहताऱ्यांमधली पोकळी, दुसरा, सवड. अंतराळप्रवासाच्या मिषाने माणसाच्या आतल्या जागृतीची गोष्ट सांगणारे ॲनिमेशनपट गेली पन्नासेक वर्षे बनत आहेत. त्यांतले जे मनात घर करून राहिले, त्यांनी हे दोन्ही अर्थ सांभाळले. आजच्या पडद्यावर पहिला अवकाश मुबलक आहे. दुसरा आटत चालला आहे.

1973 मध्ये रने लालू आणि चित्रकार रोलाँ तोपोर यांनी ‘ला प्लानेत सोवाज’ केला. कागदी आकृत्या कापून, त्या तसूतसूने सरकवत घडवलेल्या या चित्रपटाला कान महोत्सवात ज्यूरीचे विशेष पारितोषिक मिळाले. त्यातले निळे, अजस्र ड्राग तासन्‌तास ध्यान लावतात. त्यांचे चैतन्य बुडबुड्यांत बसून दुसऱ्या गोलावर तरंगत जाते. हेच ड्राग माणसांना पाळीव प्राण्यांसारखे खेळवतात आणि संख्या वाढली की मारून टाकतात. ध्यानापाठोपाठ करुणा येतेच असे नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा चित्रपट विरळा.

करुणेचा प्रश्न पुढे नेला तो जपानने. केन्जी मियाझावा (1896-1933) हा शेतीशाळेतला शिक्षक, कवी आणि सद्धर्मपुंडरीक सूत्रावर निष्ठा असलेला बौद्ध. 1922 मध्ये त्याची लाडकी बहीण गेली. त्यानंतर तो एक कथा पुनःपुन्हा लिहीत, खोडत राहिला. ती त्याच्या मृत्यूनंतर, 1934 मध्ये छापली गेली. आकाशगंगेतून धावणाऱ्या आगगाडीची ही कथा गिसाबुरो सुगी यांनी 1985 मध्ये ‘गिंगा तेत्सुदो नो योरू’ या नावाने पडद्यावर आणली. हिरोशी मासुमुरा यांच्या चित्रकथेवरून त्यांनी बहुतेक पात्रे मांजरांच्या रूपात घेतली. चेहऱ्यावर हावभाव अगदी मोजके. त्यामुळे दुःख ओळखण्याचे काम प्रेक्षकावर येते.

या चित्रपटाचा धीर कळतो तो गाडी सुटण्याआधीच. जोवान्नी हा गरीब मुलगा शाळेनंतर छापखान्यात खिळे जुळवतो. खणातून हाताने उचललेला एकेक खिळा, हातातला मजकुराचा कागद, भोवतालची शांतता. कथानक इथे इंचभरही सरकत नाही, पण या मुलाचे कष्ट आणि एकटेपण आपल्या अंगात भिनते. पुढे गाडीत जिवलग मित्र काम्पानेला भेटतो, बुडालेल्या जहाजावरची मुले भेटतात. एक मुलगी विंचवाची गोष्ट सांगते: एका भुकेल्या जनावरापासून जीव वाचवायला पळताना तो विहिरीत पडला आणि तळमळला, की हा देह त्या जनावराला दिला असता तर निदान त्याचा एक दिवस भागला असता. म्हणून तो आकाशात लाल ज्योत होऊन जळत राहिला. जोवान्नी जागा होऊन खाली येतो तेव्हा नदीकाठी लोक जमलेले असतात. दुसऱ्या मुलाला वाचवताना काम्पानेला बुडालेला आहे. मघाची गाडी कुणाची होती, हे आता उमगते. चित्रपट त्यावर भाष्य करत नाही. जोवान्नी घराकडे धावतो. आजारी आई वाट पाहते आहे.

दोन वर्षांनी हिरोयुकी यामागा यांचा ‘रॉयल स्पेस फोर्स’ आला. एका काल्पनिक देशातला आळशी तरुण पहिला अंतराळवीर होतो. उड्डाणाचे दृश्य हिदेआकी आन्नो यांनी हाताने रेखाटले. थंड इंधनाने रॉकेटच्या अंगावर साठलेले बर्फाचे पापुद्रे निखळून कोसळतात आणि त्या पडझडीतून रॉकेट वर उठते. खाली युद्ध पेटलेले असताना कक्षेत पोचलेला हा माणूस रेडिओवरून साऱ्या मानवजातीसाठी प्रार्थना करतो. मात्र याच नायकाने आधी एका तरुणीवर अत्याचाराचा प्रयत्न केलेला असतो आणि चित्रपट त्याला जाब विचारत नाही; उलट तीच त्याची क्षमा मागते. त्यामुळे ती प्रार्थना उत्कट असूनही मला पुरती पटत नाही. ज्याचे वागणे बदलले नाही, त्याच्या जागृतीवर विश्वास कसा ठेवायचा?

2008 चा ‘वॉल-ई’ संगणकावर घडला, तरी जुन्या वाटेवरचा. सुरुवातीची तीसेक मिनिटे जवळजवळ नि:शब्द. अग्निशामक नळकांड्याच्या फवाऱ्यावर तरंगणारा गंजका यंत्रमानव आणि त्याच्याभोवती गिरक्या घेणारी त्याची यंत्रसखी ईव्ह, हे दृश्य कुठल्याही उपदेशाविना अंतराळ पवित्र करून टाकते. 2025 च्या ‘एलिओ’कडे तितकीच मोठी सामग्री होती: आईवडील गमावलेला मुलगा, विश्वात कुणीतरी आपले असेल ही आस. पण एकटेपण पुरते उतरायच्या आत रंग, विनोद आणि पात्रांची गर्दी येते, आणि मुलाला काय वाटले ते संवादच सांगून टाकतात.

म्हणून दोष तंत्राचा नाही. अडते ते प्रेक्षकावरच्या विश्वासापाशी. मूल कंटाळेल या भीतीने आपण त्याच्यापुढची शांतता काढून घेतो आहोत. घरात आठ-दहा वर्षांचे मूल असेल तर एका संध्याकाळी त्याच्यासोबत जोवान्नीच्या गाडीत बसा. चित्रपट संपल्यावर लगेच दिवा लावू नका.