चटका आणि भाकरी : बहिणाबाईंच्या गाण्यांतील प्रतिसादाचा विचार

बहिणाबाई चौधरींच्या कवितेवर लिहिताना 'सोशीक' हे विशेषण आपल्याकडे इतक्या सहजपणे येते, की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. शेतकरी स्त्री, अकाली वैधव्य, अक्षरओळख नाही, तरीही ओठांवर गाणे; तेव्हा ती सोशीकच असणार, असा हा हिशेब. माझ्या मते तो चुकीचा आहे. सोसणे म्हणजे आघात अंगावर घेऊन गप्प राहणे. बहिणाबाईंच्या गाण्यात आघातानंतर काहीतरी घडते; आघात झेलणारा पूर्वीसारखा उरत नाही. या घडण्याला मी 'प्रतिसाद' म्हणतो आणि 'प्रतिक्रिये'पासून तो वेगळा काढतो. चटका बसताच हात मागे येतो, ही प्रतिक्रिया. तोच हात पुन्हा तव्याकडे कसा जातो, हा प्रतिसाद.

संसारावरच्या त्यांच्या सर्वश्रुत गाण्याचा गाभा हाच आहे. व्यासपीठांवरून ते 'दुःख सोसा, सुख मिळेल' अशा अर्थाने सांगितले जाते. पण चुलीपुढे बसलेल्या बाईला ठाऊक असते, की चटका म्हणजे भाकरीसाठी मोजलेली किंमत नव्हे. त्यातून हात शिकत असतो. काही दिवसांनी तव्याचा ताव त्याला नुसत्या धगीवरून कळतो. गाण्यातला चटक्याचा आणि भाकरीचा क्रम हा असा शिकण्याचा क्रम आहे.

'मन' या गाण्यात मात्र नेमके उलटे दिसते. रशियन शरीरशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की एखादी खूण आणि अन्न वारंवार सोबत आले म्हणजे नुसत्या खुणेनेही लाळ सुटते. शरीराला सवय जडते. बहिणाबाईंचे मन अशी कोणतीही सवय लावून घेत नाही. उभ्या पिकातून कितीदाही हाकलले तरी पुन्हा पिकातच शिरणारे ते ओढाळ गुरू आहे. हाकलणे आहे, शिकणे नाही. हात शिकतो आणि मन शिकत नाही, हा भेद त्यांनी कोणत्याही मानसशास्त्राच्या पुस्तकावाचून, शेत आणि चूल यांच्या आधाराने ओळखला.

तिसरा प्रकार बियाण्याचा. धरित्रीच्या कुशीत झोपलेल्या बियाण्यांचे गाणे वाचताना खानदेशातली धूळपेरणी आठवावी. पावसाआधीच बी कोरड्या मातीत टाकले जाते आणि ते वाट पाहते. पाणी मिळाले की ते उगवते, पण काय उगवायचे ते पाऊस ठरवत नाही. ते बियाण्यातच असते. बाहेरची घटना केवळ निमित्त आहे, ही जाण या गाण्याच्या मुळाशी आहे.

आता वैधव्याच्या गाण्यांकडे वळू. १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि तिशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. त्या गाण्यांत कुंकू पुसले जाते, पण गोंदण उरते. ज्योतिषाला मात्र दारातूनच परत पाठवले जाते. येथे शोक आहेच. त्याबरोबर, काय गेले आणि काय कुणालाही पुसता येणार नाही, याची रोखठोक मोजदादही आहे. अशी मोजदाद करणाऱ्या बाईला केवळ सोशीक म्हणणे हा तिच्या बुद्धीवर अन्याय आहे.

त्यांची सगळीच गाणी या तोलाची नाहीत. माणसाला 'तू माणूस कधी होशील' असे विचारणाऱ्या गाण्यात उत्तर प्रश्नाआधीच तयार आहे. तेथे बहिणाबाई पाहत नाहीत, बजावतात. फलकांवर आणि भाषणांत अशाच ओळी अधिक फिरतात, कारण ऐकणाऱ्याला त्यांच्यासाठी काही करावे लागत नाही. मान डोलावली की काम झाले.

हीच कसोटी संस्थांना लावून पाहू. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांचे दप्तर जपले गेले, त्यांचा धातुकोश मंडळाने छापला. एका माणसाच्या मृत्यूला गावाने कामाने उत्तर दिले. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात गेल्या. त्यांच्यामागे दप्तर नव्हते. होते ते मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी ऐकून टिपलेले. ते आचार्य अत्रे यांच्या हाती पडले आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. म्हणजे जेथे कागद होता तेथे संस्था धावली. जेथे नुसता आवाज होता तेथे घर धावले. टिपून घेणारा मुलगा स्वतः कवी होता, हा योगायोग नसता तर आज आपल्यापुढे काहीच नसते.

१९९० साली जळगावात स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव मिळाले. याचा आनंद खानदेशात सर्वांना झाला, मलाही झाला. पण नामकरण ही प्रतिक्रिया आहे. निरक्षर बाईचे नाव धारण केल्यामुळे विद्येची आपली व्याख्या किती बदलली, यावरून प्रतिसाद मोजायचा.

हा प्रश्न आज तातडीचा आहे. घरोटावरच्या गाण्यात बहिणाबाई सांगतात, की जात्यातून पीठ यावे तसे गाणे पोटातून ओठांवर येते. हे रूपक आहेच, पण तो शरीराचा अनुभवही आहे. खुंट्याचा फेरा, श्वास आणि आठ-आठ अक्षरांची चाल एकमेकांना धरून चालतात. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, आणि ते योग्यच झाले. पण गाण्याला जागे करणारा हातही त्याबरोबर थांबला. असोदा, यावल, रावेरकडची लेवा बोली आणि धुळे-साक्रीकडची अहिराणी यांतली जात्यावरची गाणी ज्यांना पाठ आहेत, त्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्या जाते फिरवत असताना, त्यांच्याच उच्चारांत, ही गाणी ध्वनिमुद्रित झाली पाहिजेत. प्रमाण मराठीत उतरवून काढलेली प्रत पुरेशी नाही. उच्चार बदलला की चाल अडखळते आणि हाताचा फेरा निसटतो.

धुळ्याने राजवाड्यांच्या कागदांसाठी एका वर्षाच्या आत जे केले, ते जळगावने या आवाजांसाठी करावे. विद्यापीठाच्या कमानीवर बहिणाबाईंचे नाव आहेच. त्या कमानीतून एखादी जाते फिरवणारी आजी सन्मानाने आत यावी आणि तिच्यापुढे बसून विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे.