'युद्ध आणि शांती' : दीर्घ कादंबरीचे वाचन आणि सारांशाची मर्यादा

प्रास्ताविक

लिओ टॉलस्टॉय (1828–1910) यांची 'युद्ध आणि शांती' ही कादंबरी 1865 ते 1869 या काळात रशियात प्रसिद्ध झाली. सुरतेच्या वाचकाला जयंती दलाल यांनी केलेला तिचा गुजराती अनुवाद परिचित आहे. तरीही आपण अध्यापक वर्गात बहुधा तिचा सारांश सांगून पुढे जातो. मीही अनेक वर्षे तेच केले. कादंबरी पूर्ण वाचल्यावर मात्र तिचा सारांश तिच्या मूळ म्हणण्याच्याच विरुद्ध जातो, हे लक्षात आले. प्रस्तुत टिपणात या मुद्द्याचा विचार केला आहे.

वाचनातील अडचणी

चार खंड, वर उपसंहार, पाचशेहून अधिक पात्रे आणि एकाच व्यक्तीची दोन-तीन नावे. पहिली शंभर-दीडशे पाने वाचक चाचपडतच असतो. मी बोल्कोन्स्की, रस्तोव, बेझुखोव या घराण्यांची नावे एका कागदावर टिपून ठेवली होती. पुढे तो कागद लागला नाही. ही पात्रे सहवासाने ओळखीची होतात, आणि सहवासाला वेळ लागतो.

विस्ताराचे कारण

इतिहास सेनापती घडवीत नाहीत, तो असंख्य माणसांच्या लहानमोठ्या कृतींतून घडतो, असे टॉलस्टॉय यांचे मत होते. हे एका वाक्यात सांगता येते. पटवायचे तर ती माणसे दाखवावी लागतात. 1805 च्या शोनग्राबेर्नच्या लढाईत तुशिन हा साधा कप्तान तोफा डागीत राहतो. माघारीचा हुकूम घेऊन निघालेला अधिकारी भीतीने वाटेतूनच परततो. लढाईनंतर जाब मात्र तुशिनलाच विचारला जातो आणि प्रिन्स आंद्रेई तेवढा त्याची बाजू घेतो. सारांशात नेपोलियन येतो, 1812 चे बोरोदिनो येते, तुशिन गळतो.

मराठीतील 'स्वामी' (1962) व 'पानिपत' (1988) या कादंबऱ्या प्रामुख्याने नायककेंद्री आहेत. हा त्यांचा दोष नव्हे, ती त्यांची प्रकृती आहे. पण 14 जानेवारी 1761 च्या रणात इब्राहिमखान गारदीच्या तोफा ओढणारे कोण होते, हा प्रश्न मला टॉलस्टॉय वाचल्यावरच पडला.

मर्यादा

उपसंहाराचा दुसरा भाग म्हणजे निव्वळ निबंध आहे. कादंबरीने दाखविलेलेच तो पुन्हा सिद्ध करू पाहतो, त्यामुळे कंटाळवाणा होतो. शिवाय थोर पुरुषांची महती नाकारणारा लेखक कुतुझोवला हळूहळू थोर पुरुषच करतो. ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

निष्कर्ष

एका सत्रात ही कादंबरी शिकविणे शक्य नाही. तेव्हा सारांश सांगण्याऐवजी तुशिनचा प्रसंग वर्गात पूर्ण वाचून दाखवावा. विद्यार्थ्याला कादंबरीचा शेवट कळला नाही तरी चालेल. इतिहासात कोण विसरले जाते, ते त्याला कळेल. शिक्षकाने मात्र ती अखेरपर्यंत वाचलेली असावी.