सैरंध्री
प्रभात फिल्म कंपनीचा कोल्हापुरात निर्माण झालेला संगीतप्रधान पौराणिक बोलपट (१९३३). मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालेल्या या बोलपटाचे दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, छायाचित्रण केशवराव धायबर यांचे व संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. लीला, मास्टर विनायक, निंबाळकर इत्यादींच्या त्यात भूमिका होत्या.

विराटाच्या राजवाड्यातील द्रौपदीचा अज्ञातवास व कीचकाचा वध हे कथानक कोल्हापूरला नवे नव्हते. बाबूराव पेंटर यांचा याच नावाचा मूकपट १९२० मध्ये गाजला होता. नव्या आवृत्तीचे वेगळेपण ध्वनीत आणि त्याहून अधिक रंगांत होते. चित्रण झालेली फीत रंगप्रक्रियेसाठी जर्मनीला नेण्यात आली व शांताराम स्वतः तेथे गेले. म्हणून याला कधीकधी भारत-जर्मन सहनिर्मिती म्हटले जाते, ते काटेकोरपणे खरे नाही. कथा, नट, संगीत आणि भांडवल प्रभातचे होते. जर्मनीची होती ती रसायनशाळा. हिमांशू राय यांच्या कर्म (१९३३) या बोलपटामागील परदेशी सहकार्य याहून कितीतरी व्यापक होते.

रंग फसले. पडद्यावर ते भडक व अनैसर्गिक दिसले. तत्कालीन द्विरंगी पद्धतीत वर्णपट दोनच रंगांवर तोलला जाई. त्यामुळे काही छटा मुळातच हाती लागत नसत. तथापि सारा दोष परक्या रसायनांवर टाकणे योग्य नव्हे. कृष्णधवल चित्रणात छाया-प्रकाशाचा तोल सांभाळण्यात प्रभातचे कलावंत निष्णात होते. पण वेशभूषा, रंगभूषा व नेपथ्य यांचे रंग फितीवर कसे उतरतील, याचा अनुभव त्यांना कोठून असणार? प्रक्रिया हजारो मैलांवर होत असल्याने चूक पाहून दृश्य पुन्हा घेण्याची सोयही नव्हती. भारतातच रंगप्रक्रिया झालेला किसान कन्या त्यानंतर चार वर्षांनी, १९३७ मध्ये आला.

ध्वनीच्या बाबतीत मात्र हा प्रवास फळाला आला. टेंब्यांच्या चालींना नाट्यसंगीताची बैठक होती. त्यांतील गीतांच्या ध्वनिमुद्रिका जर्मनीत तयार करण्यात आल्या. चित्रपटगीत चित्रपटगृहाबाहेर, घरोघरच्या ग्रामोफोनवर नेणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांत त्यांची गणना होते. रंगांचा गाजावाजा झाला आणि या गोष्टीकडे समीक्षकांचे दुर्लक्ष झाले, हे विपरीतच होय.

त्याच वर्षी प्रभातने कोल्हापूर सोडून पुण्यास स्थलांतर केले. तेथील अमृतमंथन (१९३४) या पहिल्याच बोलपटात शांताराम कृष्णधवलाकडे परतले. त्यातील चंद्रमोहन यांच्या डोळ्यांचे गाजलेले समीपदृश्य आणि गडद छायांची योजना यांत जर्मन चित्रपटांचा संस्कार दिसतो.