डोळ्यांची आखणी : जपानी चित्रकथांच्या शैलींविषयी काही विचार

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हॅटिकनमध्ये आर्चबिशप रिनो फिसिकेला यांनी २०२५ च्या पवित्र वर्षासाठी 'लूचे' नावाच्या एका चित्रपात्राचे अनावरण केले, तेव्हा जगभरच्या कॅथलिक कुटुंबांत दोन तट पडले. पिवळा रेनकोट, चिखलाने माखलेले बूट, हाती यात्रेकरूची काठी, गळ्यात रोझरी आणि चेहऱ्याचा बराचसा भाग व्यापून टाकणारे टपोरे डोळे अशी ही मुलगी इटालियन चित्रकार सिमोने लेन्यो यांनी रेखाटली आहे. लेन्यो इटालियन असले तरी त्यांची रेषा जपानी वळणाची आहे. मुलांना ती पाहताक्षणीच आपली वाटली. ज्येष्ठांपैकी अनेकांनी मात्र प्रश्न केला, "मायकेलअँजेलोच्या घरात हे कार्टून कशाला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. करमणुकीसाठी घडलेली चित्रशैली श्रद्धेचा भार पेलू शकेल काय, असा तो मुळात प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ती शैली म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे. आपण 'जपानी कार्टून' या एकाच नावाखाली ज्यांना कोंबतो, त्या शैली अनेक आहेत. त्यांच्यात लघुचित्र आणि भित्तिचित्र यांच्याइतके अंतर आहे. छापील चित्रकथेला जपानीत 'मांगा' म्हणतात आणि चलत्चित्राला 'ॲनिमे', एवढी ओळख पुढील विवेचनास पुरेशी आहे.

आपल्यापुरते बोलायचे तर जपान हा देश आपणांस परका नाही. संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा येथे उतरले. त्यांचा देह आज गोव्यात आहे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर प्राण दिले. त्या टेकडीवर १९६२ मध्ये उभारलेल्या स्मारकात शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी सव्वीस हुतात्म्यांना एका ओळीत उभे केले आहे. त्यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत, जणू ते वर निघाले आहेत. एवढ्या एका युक्तीने मृत्यूचे चित्र स्वर्गारोहणाचे चित्र होते.

त्याच भूमीवर १५८३ मध्ये आलेले जेज्वीट चित्रकार जोव्हान्नी निकोलो यांनी जपानी तरुणांना तैलचित्रण आणि ताम्रपटावरील कोरीवकाम शिकविले. पुढे छळाचे पर्व आले. ख्रिस्ताची वा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून तीवर पाय देण्याची सक्ती भाविकांवर होऊ लागली. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही रीत चालली. लपून राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी कान्नोन या बौद्ध करुणामूर्तीच्या रूपात मरियेला जपले. १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये त्यांतील काही जण फ्रेंच धर्मगुरूंना भेटले, तेव्हा त्यांच्यातील एका स्त्रीने पहिली विचारणा केली ती मरियेची प्रतिमा कोठे आहे याची. चित्राची किंमत ज्या देशाने प्राणांनी मोजली, त्याच्या चित्रकलेकडे पोरखेळ म्हणून पाहणे आपणांस तरी शोभणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की, चित्रांच्या मालिकेतून कथा सांगणे ही जपानची मिरासदारी नव्हे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगत आले. जपानमध्ये १९३० च्या दशकात सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली चित्रे दाखविणारे 'कामिशिबाइ'वाले होते. मिझुकी शिगेरु यांच्यासारखे मांगाकार याच परंपरेतून पुढे आले. आणि आपल्या चर्चच्या भिंतींवरील क्रूसाची वाट तरी काय आहे? चौदा चौकटी, एकच नायक, आणि दोन चौकटींमध्ये भाविकाने स्वतः चालून जाण्याचे अंतर. पोप पहिले ग्रेगरी यांनी इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेच्या बिशपांना लिहिले होते की, ज्यांना अक्षरे वाचता येत नाहीत ते चित्रे वाचतात. आमची मुले अक्षरे शिकलेली असूनही आधी चित्रेच वाचतात. तेव्हा त्यांना चित्र नीट वाचायला शिकविणे हे आता धर्मशिक्षणाचेच काम झाले आहे.

या शैलींपैकी पहिली आणि सर्वांत प्रभावी ती तेझुका ओसामु यांची. वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या या चित्रकाराने १९४७ च्या 'नवे खजिन्याचे बेट' या मांगातून चित्रपटासारखी पळती दृश्यरचना छापील पानावर आणली. १ जानेवारी १९६३ पासून त्यांचा 'अणुबालक' जपानी दूरचित्रवाणीवर आला. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी तेझुकांनी चित्रांची संख्या कमी केली. शरीर स्थिर ठेवून तोंड आणि डोळेच हलविले. काटकसरीतून शैली जन्मते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. मोठे डोळे त्यांनी डिस्नेकडून आणि ताकाराझुकाच्या स्त्री-नाट्यमंडळींच्या रंगभूषेतून उचलले. त्या डोळ्यांना त्यांनी जे काम दिले ते मात्र त्यांचे स्वतःचे.

आमच्या रायगड जिल्ह्यात पेणच्या मूर्तिशाळांत गेलेल्यांना हे लगेच उमजेल. तेथे माती, साचा, रंग ही कामे अनेक हात करतात, परंतु डोळ्यांची आखणी मुरलेला कारागीरच करतो. तो केसभर चुकला तर मूर्ती कोठे पाहते आहे तेच कळत नाही. तेझुकांच्या शैलीचे मर्म तेच आहे : डोळा ही पात्राच्या अंतःकरणाची खिडकी. इटलीच्या 'राय' दूरचित्रवाणीच्या विनंतीवरून त्यांनी जुन्या कराराच्या कथांवरील मालिका हाती घेतली होती. १९८९ मध्ये ते निवर्तले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे सव्वीस भाग पुरे केले. त्या मालिकेत एक छोटा कोल्हा उत्पत्तीपासून सारे पाहत असतो. उपदेश न करता साक्षीदार उभा करणे ही त्यांची जुनीच हातोटी. या शैलीचा दोषही येथेच आहे. डोळ्यांवर सारा भार पडला की हात मुके होतात. सुताराचे, कोळ्याचे, आईचे हात या चित्रांत फारसे बोलत नाहीत, आणि शुभवर्तमान तर हातांनी भरलेले आहे.

दुसरी शैली मियाझाकी हायाओ आणि त्यांच्या जिब्ली चित्रसंस्थेची. १६ एप्रिल १९८८ रोजी या संस्थेचे दोन चित्रपट एकाच वेळी प्रदर्शित झाले : मियाझाकींचा 'माझा शेजारी तोतोरो' आणि ताकाहाता इसाओ यांचा 'काजव्यांचे थडगे'. पहिल्यात आजारी आईच्या दोन मुली खेड्यात राहायला येतात. दुसऱ्यात युद्धाच्या वणव्यात दोन भावंडे भुकेने मरतात. 'तोतोरो'ची पार्श्वचित्रे ओगा काझुओ यांची आहेत. भाताची खाचरे, पायवाटेवरचा ओलावा, झाडाखालचा काळोख यांना त्यांनी पात्रांइतकाच मान दिला आहे. रोह्याहून वरसे गावाकडे पावसाळ्यात चालत येणाऱ्याला ती हिरवाई परकी वाटणार नाही.

या चित्रपटांचा मोठा गुण म्हणजे त्यांतील थांबा. जपानी भाषेत दोन घटनांमधील रिकाम्या अवकाशाला 'मा' म्हणतात. मियाझाकींनी एका मुलाखतीत टाळ्या वाजवून दाखविले होते की, दोन टाळ्यांमधली शांतता म्हणजे 'मा'. 'तोतोरो'तील मुली बसथांब्यावर पावसात नुसत्या उभ्या राहतात आणि काहीही घडत नसताना प्रेक्षक श्वास रोखून बसतो. ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरची शांतता ज्यांना जड जाते आणि जे त्या वेळी उगाच चुळबूळ करतात, त्यांनी हा प्रसंग अवश्य पाहावा. शांतता ही पोकळी नसते, हे मियाझाकी उपासनेचा उल्लेखही न करता शिकवून जातात.

प्रस्तुत लेखकाची आवड मात्र तिसऱ्या शैलीकडे झुकते. ताकाहाता यांचा २०१३ चा 'राजकन्या कागुया' हा अखेरचा चित्रपट. बांबू तोडणाऱ्या वृद्धाला बांबूत सापडलेल्या चंद्रकन्येची ही जुनी कथा आहे. येथे रेषा अर्धवट सोडलेली, जलरंग फिकट, आणि कागदाच्या कडा कोऱ्या. राजकन्या संतापून महालातून पळते तेव्हा रेषा कोळशाच्या ओरखड्यांसारख्या फुटतात. शैलीच तिच्या वेदनेत सामील होते. जे काढले नाही ते पाहणाऱ्याने पुरे करायचे, हा ताकाहातांचा विश्वास आहे. पाहणाऱ्याचा असा आदर फार थोडे कलावंत करतात.

ही फिकट जलरंगाची वाट आपल्या घरापर्यंत आलेली आहे, हे कित्येकांना ठाऊक नसेल. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कोलकात्यास आले. त्यांच्या पाण्यात विरघळविलेल्या रंगांची रीत अवनींद्रनाथ टागोरांनी आपलीशी केली. अवनींद्रनाथांकडे शिकलेला गोव्याचा कॅथलिक चित्रकार अँजेलो द फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि तेथे त्याने साडी नेसलेली पवित्र मरिया रंगविली. त्या काळी गोव्यातील अनेकांना ती रुचली नाही. "ही आमची मरिया नव्हे," असा तो आक्षेप होता. आज त्याची चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात सन्मानाने जतन केली आहेत. लूचेविषयीचा आजचा आक्षेप ऐकताना ही गोष्ट आठवणे हितावह ठरेल.

चौथी शैली आमच्या मुलांना सर्वाधिक प्रिय आणि पालकांना सर्वाधिक नावडती : 'ड्रॅगन बॉल', 'नारुतो' अशा मालिकांची. वेगाच्या समांतर रेषा, पान फोडून बाहेर येणारी मूठ, तोंडभर किंकाळी. तिला सरसकट हिंसक म्हणणे अन्यायाचे होईल. अनाथ, हिणविलेला नारुतो वैऱ्याच्या दुःखापर्यंत पोहोचू पाहतो, हा आशय क्षमेच्या जवळचा आहे. तथापि प्रत्येक क्षणच शिगेचा असेल तर शीग उरत नाही, आणि भागामागून भाग पाहताना मन जागे होण्याऐवजी बधिर होते. पालकांनी आणखी एक ध्यानी घ्यावे. चित्र आहे म्हणजे ते मुलांचेच, ही आपली समजूत जपानला लागू नाही. तेथे बालकांच्या, किशोरांच्या आणि प्रौढांच्या चित्रकथा वेगवेगळ्या निघतात. येशू आणि बुद्ध तोक्योच्या उपनगरात एका भाड्याच्या खोलीत राहतात, अशा कल्पनेची 'संत तरुण' ही विनोदी मांगा २००६ पासून निघत आहे. ती मोठ्यांसाठी आहे. तिच्यातील विनोद आकसाचा नाही, परंतु लहान मुलाच्या हाती ती देणे शहाणपणाचे नव्हे.

आता लूचेकडे वळू. तिच्या डोळ्यांत संत याकोबाच्या यात्रेकरूंचा शिंपला चमकतो. पेणच्या आखणीकाराने मान डोलवावी अशी ही जागा आहे, कारण ती कोठे पाहते आहे ते कळते. चिखलाचे बूट तर या चित्रातील सर्वांत ख्रिस्ती भाग म्हणावा लागेल. जी ख्रिस्तसभा रस्त्यावर उतरते तिचे पाय मळणारच. उणीव आहे ती कथेची. तेझुकांचे पात्र रडते, चुकते, वाढते. लूचे नुसती हसते. म्हणून तिला बोधचिन्ह म्हणून स्वीकारावे, प्रतिमा म्हणून नव्हे. बोधचिन्ह वाट दाखविते, प्रतिमेसमोर गुडघे टेकले जातात. हा भेद सांभाळला तर मायकेलअँजेलोच्या घरात तिला अंगणात जागा आहे, वेदीवर नाही. ओसाका येथे २०२५ च्या जागतिक प्रदर्शनात पवित्र सिंहासनाच्या दालनाचे बोधचिन्ह तीच होती, आणि तेथे कॅराव्हाज्जोचे ख्रिस्ताला क्रूसावरून उतरवून थडग्यात ठेवण्याचे चित्रही मांडले होते. दोहोंची कामे वेगळी, आणि दोन्ही आवश्यक.

याहून गंभीर प्रश्न मार्च २०२५ मध्ये उभा राहिला. संगणकाच्या कृत्रिम बुद्धीला छायाचित्र द्यावे आणि तिने ते क्षणार्धात 'जिब्ली' धाटणीचे करून द्यावे, अशी लाट आली. आपल्या धर्मग्रामांतूनही मुलांच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराची, लग्नांची, इतकेच नव्हे तर दिवंगत आजी-आजोबांची छायाचित्रे त्या गोंडस साच्यातून निघाली. कुणाचा हेतू वाईट नव्हता. परंतु पाहा : त्या साच्यात प्रत्येक आजीचे गाल सारखेच गुलाबी झाले. भातलावणीत वाकलेली पाठ सरळ झाली, सुरकुत्या पुसल्या गेल्या. ज्या चेहऱ्यावर देवाने आणि कष्टांनी सत्तर वर्षे आखणी केली, ती एका क्षणात खोडली गेली. मियाझाकींना २०१६ मध्ये यंत्राने घडविलेले चलत्चित्र दाखविले गेले, तेव्हा त्यांनी तो जीवनाचाच अपमान मानला होता. एक एक चित्र हाताने काढून वेदना आणि वारा यांचे निरीक्षण करणाऱ्या माणसाची शैली त्याच्या निरीक्षणापासून तोडली की उरते ते केवळ साखरेचे वेष्टन. २८ जानेवारी २०२५ च्या 'अंतिक्वा एत नोव्हा' या पत्रकातून व्हॅटिकननेही कृत्रिम बुद्धी ही मानवी बुद्धीची जागा घेऊ शकत नाही असे बजावले आहे. शैली ही पाहण्याची रीत आहे, आणि पाहण्याचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात स्पष्ट केले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही. प्रत्येक काळाची आणि प्रत्येक लोकसमूहाची कला तिला मान्य आहे. या मुभेबरोबर जबाबदारीही येते. पूर्वी याच पालकांपैकी कित्येकांनी १९९३ मध्ये दूरदर्शनवर 'जंगल बुक' पाहिले. त्यातील शेरखानला आमच्याच मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांनी आवाज दिला होता. ती मालिका जपानी होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीही आले नाही. आपल्या आवाजात आली म्हणून ती आपली झाली.

मुलांनी आता त्यापुढचे पाऊल टाकावे. वरसे परिसरातील मुलांच्या वह्यांत आज चेरीच्या फुलांखाली उभी जपानी शाळकरी मुले दिसतात. रेषेचा सराव म्हणून ते ठीकच आहे, कारण कुणाचे तरी गिरवल्याशिवाय हात बसत नाही. पण शिमग्याच्या सुमारास कुंडलिकेच्या काठी फुलणारा पांगारा, धाटावच्या कारखान्यातून पाळी संपवून येणारे वडील, क्रूसाच्या वाटेत चौथ्या स्थानापाशी थबकलेली आई, हे कोणत्याही जपानी वहीत सापडणार नाही. पालकांनी रविवारी मुलांसोबत बसून 'तोतोरो' अथवा 'कागुया' पाहावा, चित्रपट संपल्यावर लगेच दिवा लावू नये, आणि मग मुलांसमोर कोरा कागद ठेवावा. डोळे मोठे काढायचे की लहान, हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. ते कोठे पाहतात, एवढे मात्र आपण विचारावे.