बाहुलीघरातला यमदूत

भातुकलीच्या खेळात कोणी मरत नाही. बाहुलाबाहुलीचे लग्न लागते, व्याही-विहिणींचे रुसवेफुगवे होतात, चुरमुऱ्यांच्या पंगती उठतात. पण बाहुलीच्या दहाव्याला शेजारच्या मुलींना बोलावणे गेल्याचे ऐकिवात नाही. बाहुली हरवते, मोडते, किंवा तिची मालकीण मोठी होते, आणि तो संसार आटोपतो. म्हणूनच 'द सिम्स ४' ह्या संगणकावरच्या भातुकलीला 'लाइफ अँड डेथ' नावाची जी पुरवणी जोडली गेली, तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहावेसे वाटते. ती बाजारात आली ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी. निर्मात्यांनी मुहूर्त साधला तो पाश्चात्यांच्या भुताखेतांच्या सणाचा. पण नेमकी त्याच दिवशी आपल्याकडे नरकचतुर्दशी होती, आणि अभ्यंगस्नानानंतर यमतर्पण करण्याचा तो दिवस! योगायोग खरा, पण असा योगायोग टीकाकाराच्या हाती लागला की तो सोडवत नाही.

ज्या वाचकांच्या घरात हा खेळ शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. अमेरिकेतील विल राइट ह्यांनी २००० साली तो प्रथम आणला. १९९१ साली ओकलंड-बर्कलीच्या टेकड्यांवर वणवा लागला, त्यात राइट ह्यांचे घर जळाले. पुन्हा संसार थाटताना माणसाला खरोखर काय काय लागते हा जो विचार सुरू झाला, त्यातून हा खेळ आकाराला आला. त्यात जिंकणे नाही, हरणे नाही. घर बांधा, माणसे वसवा, त्यांना जेवू घाला, नोकरीला लावा. ही माणसे 'सिम्लिश' नावाची एक अर्थहीन पण मोठी गोड भाषा बोलतात. पहिल्या खेळातली मोठी माणसे कधी म्हातारी होत नसत. आगीत सापडून, पाण्यात बुडून मात्र मरत, आणि पोहण्याच्या तलावाची शिडी काढून घेऊन आपल्याच माणसाला बुडवण्याचा उद्योग जगभरच्या पोरांनी केला आहे. त्याच वर्षीच्या 'लिव्हिन लार्ज' ह्या पहिल्या पुरवणीत काळा झगा घातलेला मृत्युदूत अवतरला. त्याच्याशी दगड-कागद-कात्रीचा डाव खेळून माणूस सोडवून आणता येई. आमच्या सावित्रीला बिचारीला केवढे वाक्चातुर्य खर्च करावे लागले! वार्धक्य खेळात आले ते २००४ साली, दुसऱ्या आवृत्तीत.

तेव्हा मरण ह्या खेळाला नवे नव्हते. नवे आहे ते मरणानंतरचे घर.

पुरवणीतला माणूस हयातीतच मृत्युपत्र लिहू शकतो. पैसा कोणाला, वडिलोपार्जित वस्तू कोणाला, पोरके होणारे मूल कोणाच्या पदरात घालायचे, अंत्यविधी कसा व्हावा, हे सारे त्यात येते. माझ्या मते संपूर्ण पुरवणीतील ही सर्वांत सकस कल्पना. एरवी ह्या खेळातल्या वस्तूला किंमत असते, इतिहास नसतो. खुर्ची विकली, नवी घेतली, संपले. तीच खुर्ची आजोबांनी नातीच्या नावे लिहून ठेवली की विकायला हात धजत नाही. आणि मुलाचा ताबा कोणाकडे द्यावा हे ठरवताना खेळणाऱ्याला आपल्या बाहुल्यांच्या स्वभावाचा जो विचार करावा लागतो, तो कथालेखकाच्या विचाराहून फार वेगळा नाही.

शोकाच्या बाबतीत मात्र निर्मात्यांनी कारकुनी केली आहे. त्यांनी शोकाचे चार प्रकार पाडले आहेत: नाकारणारा, संतापणारा, खिन्न होणारा आणि स्वतःला सावरून धरणारा. शोकाला आकड्यांत बसवणे कोणाला जमले आहे? तरीही चौथ्या प्रकाराबद्दल मी त्यांचे आभार मानीन. वरून धड दिसणारा, पाहुण्यांची सरबराई करणारा, कामावर वेळेवर जाणारा माणूस आपण प्रत्येक मर्तिकाच्या घरात पाहिलेला असतो, आणि 'ह्याला काही वाटलेच नाही' असे म्हणून मोकळे झालेलो असतो. यंत्राच्या खेळाने त्याला शोकाच्या यादीत जागा दिली. अंत्यविधीच्या वेळी मृताविषयी भाषण होते तेही सिम्लिशमध्ये. शब्दाला अर्थ नाही, उरतो तो आवाजाचा चढउतार. आणि गंमत अशी, की ते पोकळ वाटत नाही. अशा प्रसंगी कोण काय बोलले हे आपल्याला तरी कुठे आठवते?

मृत्युदूताच्या नोकरीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. परलोकात एक मृत्यू-खाते आहे, तिथे उमेदवारी करायची, प्राण गोळा करण्याचा नेमून दिलेला कोटा पुरा करायचा. चित्रगुप्ताला हे ओळखीचे वाटेल. विनोद चांगला आहे, पण एकदा हसून झाले की उरत नाही. किमतीची गोष्ट त्याहून विनोदी. मूळ खेळ २०२२ पासून फुकट मिळतो आणि ह्या पुरवणीची किंमत ठेवली होती ४० डॉलरला एक सेंट कमी. जन्म मोफत, मरण विकत!

माझा खरा वाद आहे तो पुनर्जन्माशी. माणसाने मरण्यापूर्वी करायच्या गोष्टींची यादी करावी, आत्म्याच्या प्रवासातली एकेक पायरी पुरी करावी, आणि बक्षीस म्हणून नवा जन्म मिळवावा, असा हा हिशेब आहे. म्हणजे ज्याच्या इच्छा पुऱ्या झाल्या त्याला परत यायला मिळते. आमच्या आज्यांनी नेमके उलटे सांगितले होते: ज्याची इच्छा उरते तो परत येतो, आणि ज्याची काहीच उरत नाही तो सुटतो. धर्माचा वाद मला घालायचा नाही, कथेचा घालायचा आहे. सारे मिळवलेला माणूस पुन्हा जन्मला तर त्याच्या दुसऱ्या जन्माला कथानक कुठून येणार? हवे ते मिळवणे हेच पहिल्या जन्मातही चालले होते.

ह्या पुरवणीतल्या गावाचे नावच रेव्हनवूड आहे. तिथे कावळे आहेत. त्यांच्याशी मैत्री करता येते. मैत्री जमली की ते चिमुकल्या वस्तू आणून देतात. निर्मात्यांनी कावळा घेतला तो स्मशानाचा रंग गडद करायला. पिंडाजवळ न येणारा, घरच्या वडीलधाऱ्याने 'तुमच्या मुलीचे आम्ही बघू' असे म्हणताच झेपावणारा आपला कावळा त्यांना माहीत असण्याचे कारण नाही. पण इच्छांची यादी आणि मृत्युपत्र ही दोन्ही कागदपत्रे त्यांनीच ह्या खेळात तयार केली आहेत, आणि ती वेगवेगळ्या खणांत ठेवली आहेत. गेलेल्या माणसाच्या यादीत जे राहून गेले ते वारसाच्या मृत्युपत्रात उतरले असते, आणि तोवर तो कावळा कुंपणावर नुसता बसून राहिला असता, तर ही पुरवणी मी दोनदा खेळलो असतो.